टोशीचा अर्ज

पोर्टगार्वी या कोळ्यांच्या गावात एके काळी अकरा जॉर्ज मेअर होते. त्यातले दोन मेले, एक कॅनडाला गेला, तरी आठ उरले आणि पोस्टमनच्या डोक्याचा ताप काही कमी झाला नाही. गावात आडनावं मुळात चारच, आणि पोराला आजोबाचं नाव ठेवायची रीत. मग माणूस ओळखायचा कसा? म्हणून प्रत्येक घराण्याला एक टोपणनाव. हे टोपणनाव नुसतं हाक मारण्यापुरतं नसतं. मतदार यादीत ते असतं, बोटीच्या कागदपत्रांत असतं, थडग्याच्या दगडावरही कोरलेलं असतं. जॉर्ज मेअर एवढंच लिहून पत्र टाकलं, तर ते आठ दारं हिंडून, दोघांनी फोडून वाचल्यावर योग्य माणसाला मिळतं. जॉर्ज मेअर टोशी लिहिलं, की दुसऱ्या दिवशी सकाळी टोशीच्या हातात.

हा टोशी खेकडे आणि शेवंडं धरायचा. एकट्याची बोट, साठेक पिंजरे, लग्न केलेलं नाही, घरात आईची खुर्ची रिकामी. बोलायला कमी, ऐकायला जास्त. पिंजरे टाकून झाले की तो इंजिन बंद करायचा, लांब लाकडी वल्हं पाण्यात सोडायचा आणि त्याचा दांडा कानामागच्या हाडाला टेकवून बसायचा. पाण्याखालचा आवाज लाकडातून वर येतो. त्याला बापाने तसंच शिकवलेलं, बापाला त्याच्या बापाने. ते हेरिंग माशांचे थवे ऐकायचे. हेरिंग संपले, आणि टोशीला ऐकू आले डॉल्फिन.

पहिल्या वर्षी त्याला वाटलं, नुसत्या शिट्ट्या आहेत. दुसऱ्या वर्षी लक्षात आलं की त्यातली एक शिट्टी दर खेपेला तशीच्या तशी येते: खालून वर, मग थांबून पुन्हा वर. आणि ती येते तेव्हा पाठीच्या पंखाला खाच असलेली एक मादी हटकून जवळपास असते. मग त्याने वही सुरू केली. शिट्टी लिहिणार कशी? त्याला सूर-बीर कळत नव्हते. त्याने रेघ काढली. आवाज चढला की रेघ वर, उतरला की खाली. खाचवालीची रेघ पायऱ्यांसारखी दिसली, म्हणून तिचं नाव जिना. मग टोकाला वळलेल्या रेघेची आकडा आली, किटली आली, उलटी किटली आली. गावच्या रीतीप्रमाणे पिल्लाला आईचं नाव पुढे लावायचं. जिन्याचं पोर ते जिना-धाकटं.

अशी सव्वीस वर्षं. एकोणीस वह्या. त्यातून टोशीला जे कळलं होतं ते असं: प्रत्येक डॉल्फिनची शिट्टी ज्याची त्याची. पिल्लू जन्मल्यावर काही महिने बोबडं बोलतं, मग स्वतःची एक शिट्टी पक्की करतं आणि जन्मभर तीच वाजवतं. दुसऱ्याला बोलवायचं असेल तर त्याची शिट्टी वाजवायची. म्हणजे ते एकमेकांना नावाने हाक मारतात. मासे शोधायचे असले की वेगळाच कटकट आवाज, दाराची कडी कुणी भराभर हलवावी तसा. आणि एका हिवाळ्यात जिना नाहीशी झाली. मेलीच असणार. त्यानंतर दोन हिवाळे आकडा खाडीच्या तोंडाशी येऊन जिन्याची शिट्टी वाजवायची, थांबायची, पुन्हा वाजवायची. त्या दिवसांत टोशी घरी येऊन जेवायचा नाही. त्याने तारखा मात्र एकूण एक लिहून ठेवल्या.

गावाला हे सगळं माहीत होतं. गावाला हसायला एक माणूस लागतो, आणि पोर्टगार्वीने टोशीला धरलेलं होतं. डॉल्फिनांचा जावई म्हणायचे त्याला. तो हसून सोडून द्यायचा. एकदा दक्षिणेकडून कुणी एक समुद्रतज्ज्ञ गावच्या सभागृहात भाषण द्यायला आला. भाषण संपल्यावर टोशी जिन्याबद्दल विचारायला उठला, वही हातात धरून. त्याने तोंड उघडलं आणि मागच्या रांगेतून कुणीतरी लांब शिट्टी मारली. सगळं सभागृह खिदळलं. तज्ज्ञही हसला, काय झालं ते न कळताच. टोशी खाली बसला. शिट्टी मारणारा होता अलेक पिरी बॉबिन, टोशीचा शाळेतला बाकावरचा सोबती, धक्क्यावर खेकडे तोलून घेणारा. बॉबिन वाईट नव्हता. त्याच्या वडिलांच्या मयताला टोशीने खांद्याशी खांदा लावून पेटी वाहिली होती. पण चार माणसं हसतायत म्हटल्यावर बॉबिनला पुढचं-मागचं दिसत नसे.

एकावन्नाव्या वर्षी टोशीला उलटी किटली ऐकू येईना. समोर पाण्यात ती दिसतेय, डोकं वर काढतेय, आणि वल्ह्यातून काही नाही. त्याने वल्हं बदललं. बोट बदलून पाहिली. मग एल्गिनला कानाच्या डॉक्टरकडे गेला.

"वरचे आवाज आधी जातात," डॉक्टर म्हणाली. "तीस वर्षं इंजिनाशेजारी बसलात ना तुम्ही?"

"मशीन लावलं तर?"

"माणसांचं बोलणं ऐकू येईल. तेवढंच."

"मला माणसांचं नको होतं," टोशी म्हणाला. तिला वाटलं तो विनोद करतोय. दोन-तीन वर्षं मिळतील, असं तिने सांगितलं.

तेव्हापासून त्याच्या मनाला एकच घोर लागला. वह्यांतल्या रेघा होत्या, पण कुठली रेघ कशी वाजते हे फक्त त्याच्या कानात होतं. आकडा वरून खाली येताना मध्येच जरा घोगरी होते, ते रेघेत कसं काढणार? त्याला एक शिकलेला माणूस हवा होता, एक उन्हाळाभर, शेजारी बसून ऐकणारा. मी सांगेन ही कोण, त्याने त्याच्या यंत्रावर उतरवून घ्यावं. बस. पण असा माणूस आणायचा कुठून, आणि विचारायचं कुणाला? सभागृहातलं हसणं अजून त्याच्या कानात होतं. ते मात्र गेलं नव्हतं.

त्या फेब्रुवारीत नऊ दिवस वादळ होतं. बोटी बांधलेल्या, माणसं पबमध्ये. वॉटी स्लेटर आपल्या मुलीचा विद्यापीठाचा अर्ज भरायला संगणक घेऊन तिथेच बसला होता, कारण घरची वीज गेली होती. मुलीचा अर्ज झाला. बॉबिनने संगणक पुढे ओढला.

"चला, टोशीला पण पाठवूया कॉलेजात."

"कुठला विषय?"

"हा बघ की. सागरी जीवशास्त्र. शाळा न झालेल्या मोठ्या माणसांसाठी एक वर्षाची जागा, म्हणे. त्याच्यासाठीच काढलीय लेकाच्यांनी!"

बॉबिन सांगत गेला, वॉटी टंकत गेला, बाकीचे टेबलं बडवत राहिले. शिक्षण: सोळाव्या वर्षी शाळा त्याला कंटाळली. भाषा: इंग्रजी थोडी, डॉल्फिन अस्खलित. हा विषय का शिकायचाय? इथे बॉबिन उभाच राहिला, पाद्र्यासारखे हात पसरून. सव्वीस वर्षं हा माणूस कानाला वल्हं लावून बसतोय. एकोणीस वह्या भरल्यात. प्रत्येकाची शिट्टी वेगळी, हे त्याला कळलंय. एक मेली तर दुसरी तिला दोन वर्षं हाका मारत होती, हे त्याने तारीखवार लिहिलंय. खोटं काही रचायची गरजच पडली नाही. जे होतं तेच बॉबिनने सांगितलं आणि माणसं डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली. आडनावाच्या रकान्यात वॉटीने 'मेअर टोशी' लिहिलं. अख्ख्या अर्जात गंमत म्हणून न लिहिलेली तेवढीच एक गोष्ट. टोपणनाव घातलं नाही तर पत्र येणार कसं? खाली टोशीचा फोन नंबर. वॉटीने बटण दाबलं.

वादळ निवळल्यावर टोशी बोटीवर गेला तर सुकाणूला काळा रेनकोट टांगलेला, त्यावर खेकड्याच्या खोक्याच्या झाकणाची चौकोनी टोपी, टोपीला सुतळीचा गोंडा.

"या प्रोफेसर!" धक्क्यावरून बॉबिन ओरडला. "तुमचं नाव घातलंय आम्ही विद्यापीठात!"

टोशीने रेनकोट घडी करून ठेवला. अर्ज खरोखर गेलाय हे त्याच्या डोक्यातही आलं नाही. कोण पाठवेल? त्याला वाटलं, हीच गंमत, टोपीची. महिनाभर त्याला सगळे प्रोफेसर म्हणाले. दुकानातली बाईसुद्धा.

एप्रिलात पत्र आलं. ते खरं होतं, हे इथेच सांगितलेलं बरं. रॉना टलक नावाच्या प्राध्यापिकेने लिहिलेलं होतं. तुमचा अर्ज आमच्या विभागात सगळ्यांनी दोनदा वाचला, काही जागी हसलोही, पण हसून झाल्यावर मला झोप आली नाही. असं काम या किनाऱ्यावर कुणी केलेलं मला ठाऊक नाही. बारा तारखेला भेटायला या. वह्या आणा. शाळेच्या दाखल्याची चिंता नको.

टोशीने ते स्वयंपाकघरात उभ्याने वाचलं. मग बसून वाचलं. म्हणजे बॉबिनने अर्ज खरंच पाठवला होता तर! सूप चुलीवर आटून करपलं तरी त्याचं लक्ष नव्हतं. आत जाऊन त्याने एकोणीस वह्या काढल्या, धूळ पुसली, दोरीने बांधल्या. बारा तारखेला कुठली बस आहे तेही पाहिलं. एकावन्न वर्षांचा माणूस आरशासमोर उभा राहून कोट घालून बघत होता. आणि मग कोटाच्या खिशात ठेवायला म्हणून त्याने पत्र चौथ्यांदा उचललं, आणि वरचा पत्ता नीट वाचला. मिस्टर टोशी. आतही तेच. प्रिय मिस्टर टोशी.

विद्यापीठातल्या बाईला टोशी कुठून माहीत? टोशी म्हणजे धक्का, टोशी म्हणजे पब. मिस्टर टोशी लिहिण्याइतका वात्रटपणा जगात एकाच टोळक्याला सुचला असता. अर्ज-बिर्ज काही गेला नव्हता, पत्रही त्यांनीच लिहिलं होतं. त्याच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. पत्राने त्याला जितका आनंद दिला होता तितकीच आता त्याला स्वतःची लाज वाटली, आणि कोटाची सगळ्यात जास्त.

शनिवारी दुपारी तो पबमध्ये गेला. भांडला असता तर आणखी वर्षभर हसले असते, हे त्याला पुरतं ठाऊक होतं. म्हणून तो शेकोटीपाशी उभा राहिला आणि त्याने ते पत्र वाचून दाखवलं, नाकातून, मोठ्या घरच्या बाईच्या आवाजात. "काही जागी हसलोही, पण हसून झाल्यावर मला झोप आली नाही!" लोक लोळले. टोशीला एवढं बोलताना कुणी कधी पाहिलं नव्हतं. वाचून झाल्यावर त्याने पत्र चुरगळलं आणि आगीत टाकलं.

"पण लिहिलंय मात्र झकास," कुणीतरी म्हणालं. "कुणाचं रे डोकं?"

सगळे बॉबिनकडे बघायला लागले. बॉबिनने वॉटीकडे पाहिलं. वॉटी दारूच्या ग्लासात बघून हसत होता. बॉबिन उठला आणि त्याने वाकून सलाम केला.

"दुसऱ्या कुणाचं असणार?"

टाळ्या पडल्या. टोशीनेही वाजवल्या.

तेरा तारखेला त्याच्या घरचा फोन वाजला. "मिस्टर टोशी आहेत का?" बाईचा आवाज. पुन्हा तेच टोळकं, टोशीला वाटलं. त्याने ओठ आवळले आणि जिन्याची शिट्टी वाजवली, खालून वर, थांबून पुन्हा वर. मग फोन ठेवला आणि तारच काढून टाकली. त्या वर्षी त्याला आकडा आणि किटली ऐकू येत होत्या. पुढल्या वर्षी फक्त किटली. तिसऱ्या हिवाळ्यात एका सकाळी त्याने वल्हं कानाला लावलं, दोन तास बसला, वहीत तारीख लिहिली आणि पुढे काहीच लिहिलं नाही.

त्यानंतरच्या जूनमध्ये इमोजेन फेअरक्लफ नावाची संशोधक गावात आली. पाण्याखाली ठेवायचे मायक्रोफोन, एक जलरोधक स्पीकर, खोकी भरून तारा. तिला बोट भाड्याने हवी होती आणि टोशीची रिकामी होती. करारावर त्याने सही केली, जॉर्ज मेअर. ती त्याला मिस्टर मेअर म्हणायची आणि त्याच्या कानातलं मशीन पाहून जरा मोठ्याने बोलायची.

चौथ्या दिवशी खाडीच्या तोंडाशी तिने इंजिन बंद करायला सांगितलं. कानाला हेडफोन, मांडीवर पडदा.

"गंमत बघा हं, मिस्टर मेअर. प्रत्येक डॉल्फिनला नाव असतं. मी यातल्या एकीचं नाव स्पीकरवर वाजवते. बाकीचे ढुंकून बघणार नाहीत. जिचं आहे तीच उत्तर देईल."

"देईल," टोशी म्हणाला.

तिने वाजवलं. पडद्यावर एक रेघ उमटली. टोशीने ती रेघ पाहिली आणि त्याचा हात सुकाणूवरून घसरला. वरून खाली येणारी, टोकाला वळलेली. शंभर यार्डांवर एक म्हातारी पाठ वर आली, वळली आणि सरळ बोटीकडे निघाली.

"हिला आम्ही सत्तावीस नंबर दिलाय," इमोजेन म्हणाली.

"सत्तावीस," टोशी म्हणाला.

"नंबर देणं बरं नाही, कळतं मला. पण नावं कोण सांगणार? खरं तर तुमच्या गावात एकजण होता म्हणे. आमच्या टलकबाई निवृत्त होईपर्यंत त्याचंच बोलायच्या. सव्वीस वर्षं ऐकलं होतं त्याने. बाईंनी त्याला पत्र लिहिलं, दिवसभर वाट बघत बसल्या, आलाच नाही. फोन केला तर त्याने शिट्टी मारून ठेवून दिला. सगळे म्हणाले थट्टेखोर आहे, सोडा. बाई म्हणाल्या, ती शिट्टी अस्सल होती, ती कुणाला थट्टेत येत नाही. जूनअखेरपर्यंत ती जागा त्यांनी राखून ठेवली होती. मिस्टर टोशी. तुम्ही ओळखता का हो त्यांना?"

पाणी बोटीला चापट्या मारत होतं. टोशीने सुकाणू पुन्हा धरलं.

"पत्रात लिहिलं होतं, हसून झाल्यावर झोप आली नाही," तो म्हणाला.

इमोजेनने त्याच्याकडे पाहिलं. आधी तिला कळलं नाही, मग कळलं, आणि तिचा चेहरा पडला. तिने घाईघाईने हेडफोन काढले आणि दोन्ही हातांनी त्याच्यापुढे धरले.

"मग सांगा ना. आत्ता सांगा. ही कोण? मी सगळं लिहून घेते, तुम्ही फक्त ऐका."

त्याने कानातलं मशीन काढलं, हेडफोन लावले, डोळे मिटले. म्हातारी बोटीच्या कडेशी येऊन तोंड वर करून होती. इमोजेनला पडद्यावर रेघांमागून रेघा दिसत होत्या. टोशीला स्वतःच्या श्वासाचा आवाज येत होता. तो तसाच बसला, पाच मिनिटं असेल, जास्तही असेल. मग त्याने हेडफोन उतरवले.

"रेघेवरून आकडा आहे," तो म्हणाला. "पण पोरी, लिहू नकोस. मला काही ऐकू आलं नाही. मध्ये ती घोगरी होते, ते खरं का ते आता मी सांगू शकत नाही."

"वह्या आहेत ना तुमच्या?"

"आहेत. घेऊन जा. त्यात रेघा आहेत नुसत्या."

परत येईपर्यंत तिने दोनदा काही बोलायचा प्रयत्न केला. त्याने सुकाणू सोडलं नाही.

धक्क्यावर चारची गर्दी होती. खरेदीचा ट्रक उभा, खोकी चढत होती, अर्धं गाव तिथे. बॉबिनने दोरी झेलली आणि खुंट्याला बांधली.

"काय प्रोफेसर, काय म्हणते सासुरवाडी?"

आजूबाजूचे हसले. टोशी धक्क्यावर चढला आणि त्याच्यासमोर उभा राहिला.

"ते पत्र खरं होतं, अलेक."

त्याला अलेक म्हणून टोशीने शाळा सुटल्यापासून हाक मारली नव्हती. बॉबिन हसायला गेला, पण बोटीत उभ्या असलेल्या मुलीचा चेहरा बघून त्याचं हसू अर्ध्यात राहिलं. त्याने ते पत्र लिहिलं नव्हतं, हे त्याच्याइतकं पक्कं दुसऱ्या कुणाला माहीत होतं?

"मला वाटलं वॉटीने लिहिलं," तो म्हणाला.

"मग 'ते माझं' म्हणून का उठलास? तू नाही म्हणाला असतास तर मी विचार केला असता. मी बाईंना उलट पत्र पाठवलं असतं. तेव्हा मला ऐकू येत होतं."

बॉबिनने मान खाली घातली आणि काहीतरी पुटपुटला. टोशीने कानाला हात लावला. मशीन बोटीतच राहिलं होतं.

"मोठ्याने बोल. मला ऐकू येत नाही."

बॉबिन पुन्हा बोलला, थोडं वर.

"मोठ्याने."

ट्रकवरच्या माणसांनी खोकी खाली ठेवली. वॉटी पबच्या दारात येऊन उभा राहिला. बॉबिनने इकडेतिकडे पाहिलं. सुटका नव्हती. त्याने तोंड टोशीच्या कानाशी नेलं आणि सगळ्या धक्क्याला ऐकू जाईल असा ओरडला.

"लोक हसत होते म्हणून!"